कोर्स राहू द्या, वाचनालयाची साइट पुरी होऊ द्या

प्रश्न : माझी मुलगी इंदूरलाच बी.टेक. कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या मराठी वाचनालयाच्या पुस्तकांची यादी तिनं स्वतःहून वेबसाइटवर टाकली, पण साइट उघडायला फार वेळ लागतो. आता म्हणते, नवं फ्रेमवर्क (साइट बांधायचा तयार सांगाडा) शिकून सगळं पुन्हा लिहिते. इकडे गुण घसरलेत. ६० हजारांचा फुल-स्टॅक (वेबसाइटची दिसणारी आणि पडद्यामागची अशा दोन्ही बाजू शिकवणारा) कोर्स लावावा का? नवा लॅपटॉपही हवा म्हणते. सुपर कॉरिडॉरवरच्या टीसीएस-इन्फोसिसमध्ये असल्या साइटला कोण विचारणार?

उत्तर : ताई, नमस्कार. पत्रासोबत साइटचा पत्ता पाठवलात ते बरं केलंत. ती मी फोनवर उघडून पाहिली.

मुखपृष्ठांचे फोटो मोबाइलवर काढून तसेच चढवलेत, एकेक तीन-चार एमबीचा, आणि दिसतात मात्र पोस्टाच्या तिकिटाएवढे. शिवाय पान उघडलं की हजारो पुस्तकांची सगळी यादी एकदम उतरते. यात फ्रेमवर्कचा काहीच दोष नाही. उद्या दुसरं आणलं तरी तेवढेच एमबी उतरणार. फोटो लहान करून वेबपी या हलक्या फाइल-प्रकारात साठवायचे, पान खाली सरकेल तसे ते येऊ द्यायचे आणि यादी पन्नास-पन्नासच्या तुकड्यांत द्यायची. एवढ्यानं बराच फरक पडेल. पण आधी मोजायचं, मग हात लावायचा. क्रोममध्ये साइटचा वेग मोजणारं लाइटहाऊस फुकट आहे, आणि डेव्हलपर टूल्समध्ये मुद्दाम संथ नेटवर्क लावून पाहता येतं. गूगलच्या निकषानुसार पानावरचा सर्वांत मोठा भाग २.५ सेकंदांत दिसायला हवा. आजचा आकडा वहीत लिहायचा, एकेक बदल करायचा आणि पुन्हा मोजायचं.

शोधाच्या चौकटीत मी ‘ॲड’ टाइप केलं, तर एकही पुस्तक नाही! यादीत मात्र एका वकिलांचं नाव ‘अॅड.’सकट समोर होतं. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरं साठवायच्या पद्धतीत, दोन तऱ्हांनी लिहिता येतं : एक सबंध चिन्ह म्हणून, किंवा ‘अ’वर वेगळा चंद्र देऊन. डोळ्यांना दोन्ही जवळजवळ सारखीच, संगणकाला मात्र साफ वेगळी. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशनही (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) त्यांना एक करत नाही. ते रूपांतर तिला स्वतः लिहावं लागेल, यादी साठवताना आणि वाचकानं टाइप केल्यावरही. ६० हजारांच्या कोर्समध्ये हे शिकवतील असं मला वाटत नाही. वाचनालयातल्या आजोबांना पुस्तक सापडलं नाही की आपोआप शिकायला मिळतं.

आणि हो, डेटाबेस बदलायचं खूळ डोक्यात असेल तर तेही राहू द्या. चार-पाच हजार पुस्तकांना एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस भरपूर झाला.

मुलाखतीत काय विचारतात? ‘लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम’ प्रत्येकाच्याच बायोडेटात असते, ती वाचून कुणी मान वर करत नाही. पण ‘पान उघडायला आधी इतके सेकंद लागत, हे बदललं, आता इतके लागतात, आणि खरे लोक रोज वापरतात’ असं सांगितलं की पुढचे प्रश्न तिच्याच कामावर येतात. तिथं ती तासभर बोलू शकेल. म्हणून पुन्हा पहिल्यापासून लिहिणं नको. ही साइट पुरी करू दे, आणि ग्रंथपालबाईंना स्वतः नवी पुस्तकं चढवता आली की पुरी झाली असं समजायचं.

गुणांबाबत मात्र तुमची काळजी रास्त आहे. कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्या ६० टक्के किंवा ६ सीजीपीएची अट लावतात; त्याखाली गेलं तर साइट दाखवायची वेळच येत नाही. परीक्षेच्या आधीचा महिना साइट बंद, हे तिच्याशी बोलून ठरवा. ओरडून नको. डेटाबेसचा पेपर तर तिला आता सोपाच जायला हवा.

कोर्स सध्या नको. एमडीएन या वेबसाइट बनवायला शिकवणाऱ्या संदर्भस्थळावर सगळं फुकट आणि नीट लिहिलेलं आहे. लॅपटॉपला ८ जीबी रॅम असेल तर तोही बदलू नका. घरात एखादा जुना, स्वस्तातला अँड्रॉइड फोन पडला असेल तर तो तिला द्या, आणि साइट रोज त्यावरच तपासायला सांगा.