गाडी मिसिंग मारते. गॅरेजमध्ये न देता घरी दुरुस्त करता येईल का?

आपली गाडी चार सिलिंडरची असून पेट्रोल आणि सीएनजी दोन्हींवर चालते, सिग्नलला उभी असताना थरथरते, उड्डाणपुलाच्या चढावर झटके देते, आणि गॅरेजमधून चारही कॉइल (प्लगला उच्च व्होल्टेज देणारे भाग), चारही प्लग (ठिणगी पाडणारे) व इंजेक्टरची (इंधन फवारणाऱ्या भागांची) सफाई असा खर्च सांगितला गेला आहे, असे आपण लिहिले आहे. माझ्या अनुभवात यातले बरेचसे काम घरी होते. मात्र भाग बदलण्याआधी कोणता सिलिंडर पेट घेत नाही (यालाच मिसिंग म्हणतात) आणि का, हे शोधावे लागते. त्या शोधाला पैसे जवळजवळ लागत नाहीत. गॅरेजवाल्याला मी लबाड म्हणणार नाही. शोधण्यात घालवलेल्या तासाचे पैसे त्याला कोणी देत नाही, बदललेल्या भागाचे सगळे देतात, म्हणून सगळेच बदलून मोकळे होणे त्याला सोयीचे पडते.

सर्वांत आधी चेक इंजिनचा दिवा पाहा. तो नुसता पेटलेला असेल तर सवडीने काम करता येईल. लुकलुकत असेल तर न जळलेले इंधन सायलेन्सरच्या वाटेवरील, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळत असण्याची शक्यता असते, आणि तो भाग कॉइलपेक्षा कितीतरी महाग आहे. अशा वेळी गाडी पळवू नये.

त्यानंतर ब्लूटूथवर चालणारा साधा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारे यंत्र, घ्या. तो साधारण हजार रुपयांच्या आत मिळतो आणि स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये बसतो. निष्क्रिय गतीला, म्हणजे मिनिटाला सुमारे ८०० फेऱ्यांवर, प्रत्येक सिलिंडर मिनिटाला ४०० वेळा पेट घेतो. त्यातला एखादा चुकला की क्रँकशाफ्ट (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) क्षणभर मंदावतो आणि संगणक ते टिपतो. पी ०३०१ ते पी ०३०४ या कोडचा शेवटचा आकडा सिलिंडरचा क्रमांक सांगतो. पी ०३०० आला तर बिघाड एका सिलिंडरपुरता नाही, असे समजून हवेची गळती किंवा इंधनाचा दाब यांकडे वळावे.

समजा, कोड दुसऱ्या सिलिंडरचा आला आणि आपल्या गाडीत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल आहे. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, बॅटरीची ऋण तार काढा, आणि दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची फक्त अदलाबदल करा. तार परत जोडा, स्कॅनरने कोड पुसा आणि गाडी फिरवून आणा. आता पी ०३०३ आला तर कॉइलच खराब आहे आणि एकच घ्यायची आहे. कोड जागचा हलला नाही तर प्लगची तशीच अदलाबदल करा. दोन्ही एकदम करू नका, कारण मग कोड हलला तरी दोष कोणाचा हे कळत नाही. जुन्या गाड्यांत एकच कॉइल पॅक दोन-दोन सिलिंडरना ठिणगी देतो. तिथे १ आणि ४, किंवा २ आणि ३, असे कोड जोडीने आले तर संशय थेट त्या कॉइलवर घ्यावा.

प्लग बाहेर आलाच आहे तर त्याचे टोक नीट पाहा. फिकट तपकिरी किंवा राखाडी रंग ठीक. कोरडी काजळी म्हणजे इंधन जास्त. पेट्रोलने ओला म्हणजे ठिणगीच नाही. तेलकट म्हणजे पिस्टनची रिंग किंवा व्हॉल्व्ह सील झिजल्याची शंका. प्लगच्या खड्ड्यातच तेल साचले असेल तर बहुधा वरच्या झाकणाचे गॅस्केट किंवा सील गेलेले असते. पावसाळ्यात, किंवा इंजिनवर पाण्याचा फवारा मारून धुतल्यावर मिसिंग सुरू झाले असेल, तर त्या खड्ड्यात पाणी आणि कॉइलच्या रबरी टोपीवर चीर शोधा. स्टिल्ट पार्किंगमध्ये गाडी ठेवणाऱ्यांनी उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही तपासाव्यात. मुंबईत हे कारण मुळीच दुर्मीळ नाही.

नवा प्लग आधी हातानेच फिरवून बसवावा आणि मग मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या जोराने) आवळावा. सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचे असते आणि त्यातले आटे एकदा गेले की घरचे काम तिथेच संपते. ओपेरा हाउस परिसरात किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर प्लग सहज मिळतात, पण नकली मालही फिरतो. जुना प्लग सोबत नेऊन त्याच्यावरचा क्रमांक जुळवावा आणि बिलाशिवाय घेऊ नये.

आपल्याकडे दोन इंधने आहेत, हा तर फायदाच आहे. मिसिंग फक्त सीएनजीवर होत असेल तर आधी प्लग आणि कॉइल पाहा, कारण सीएनजी पेटवायला जास्त व्होल्टेज लागते आणि अशक्त ठिणगी तिथे आधी उघडी पडते. फक्त पेट्रोलवर होत असेल तर पेट्रोलचे इंजेक्टर तुंबले असावेत. मुंबईत अनेक जण पेट्रोल केवळ सुरू करण्यापुरते वापरतात, त्यांच्या गाड्यांत हे नेहमी दिसते. सीएनजीची उच्च दाबाची नळी, रेग्युलेटर आणि टाकी यांना मात्र घरी हात लावू नये; त्यात सुमारे २०० बार दाब असतो.

कॉइल आणि प्लग दोन्हींची अदलाबदल करूनही कोड त्याच सिलिंडरवर राहिला, तर तेथील वायरिंग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) यांपैकी एक बाब उरते. तेव्हा गॅरेजमध्ये जावे, पण कोणता सिलिंडर, कोणत्या इंधनावर, काय अदलून पाहिले हे कागदावर लिहून न्यावे, आणि त्या सिलिंडरची कॉम्प्रेशन चाचणी झाल्यावरच इंजेक्टरच्या सफाईला होकार द्यावा.