बिलाआधी टेप

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. गटाराचं काम झालंय, एमबी, म्हणजे कामाची मोजमापवही, भरलीय, अभियंत्याची सही आहे, मार्च संपत आलाय आणि सदस्य म्हणतात, सरपंच एकटीच अडून बसलीय. बिल सोडू का, असं तू विचारतेस. गटार मोजलंस का? चार पानांत त्याचा एक शब्द नाही.

आधी टेप घेऊन जा.

अंदाजपत्रकाची प्रत सोबत ने. लांबी कुणीही मोजतं, चोरी तिथे फारशी होत नाही. खोली मोज, भिंतीची जाडी मोज. वरच्या टोकाला दोन घागरी पाणी ओत आणि ते कुठे तुंबतं ते बघ. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना बरोबर घे, आणि ज्यांच्या दारावरून गटार जातं त्या बायांनाही. आकडे तिथेच वहीत लिही. मग एमबी उघड.

हा पैसा पंधराव्या वित्त आयोगाचा, 2021-26 च्या वाट्यातला. त्यात 60 टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांनाच: निम्मा पाण्याला, निम्मा स्वच्छतेला. उरलेला 40 टक्के गावाच्या गरजेप्रमाणे, पगार आणि आस्थापना सोडून. तेव्हा देवळापुढच्या पेव्हर ब्लॉकला बंधित पैसा नाही, एवढं मासिक सभेत सांग आणि पुढे चल.

1998 साली मी सरपंच होतो. तेव्हा चेकवर सही लागायची. वस्तीच्या पाइपलाइनचं बिल मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आलं. 3 फूट खोदाई लिहिली होती. कागद चोख होते, म्हणून मी जागेवर गेलो नाही. मे महिन्यात ट्रॅक्टर गेला आणि पाइप फुटला. उकरून पाहिलं तर तो वीतभर खाली. त्या उन्हाळ्यात वस्तीवरच्या बाया दीड किलोमीटरवरच्या विहिरीवर जात होत्या. माझ्या दारावरून जायच्या, कुणी काही बोललं नाही. ते अजून टोचतं.

त्यानंतर मी एकही बिल न मोजता सोडलं नाही. एका पाइपलाइनचं काम दोनदा उकरायला लावलं. 'विकासाच्या आड येतो' म्हणून माझ्याविरुद्ध प्रचार झाला, पुढची निवडणूक हरलो. माझ्या हट्टापायी गावाची दोन वर्षं गेली, असं आजही म्हणतात. गेली असतील. पण ती लाइन अजून चालू आहे, आणि ही गोष्ट मी कुणाशीही वाद न घालता दाखवू शकतो. तुला घाबरवायला हे लिहीत नाही. तुझ्यावरही हेच येणार आहे, तेव्हा तुझ्या हातात आकडे असू देत.

आणि एक. तुझा डिजिटल सहीचा डोंगल पंचायतीच्या संगणक ऑपरेटरच्या खणात असतो, हे तू सहज लिहून गेलीस. वाचून मला राग आला. अगं, ती तुझी सही आहे! पैसे गेले की ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या सरकारी पोर्टलवर खर्च तुझ्या कारकिर्दीत दिसणार, ऑपरेटरच्या नाही. आजच्या आज तो घरी आण.

उद्या सकाळी उन्हं चढायच्या आत मोजायला जा. ग्रामपंचायतीत लांब टेप नसेल तर माझी 30 मीटरची आहे, संध्याकाळच्या एसटीने पाठवतो. खोलीचे आकडे मला रात्री कळव.

तुझा,
काका