टीव्ही बंद केल्यानंतरचा पाऊण तास

तरुणांनी कारभारात भाग घ्यावा म्हणून वाडीत टीव्ही लावून चर्चा घडवण्याबद्दल कोकणातल्या वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं.

आमच्या वाडीत पन्नासेक तरुण आहेत आणि समाजमंदिरात टीव्ही आहे. निवडणुकीच्या तोंडावर रात्री नऊची चर्चा सगळ्यांनी मिळून बघायची आणि मग त्यावर बोलायचं, असं ठरवलं. पहिल्यांदा भांडण झालं, दुसऱ्यांदा आठच जण आले. काय चुकलं?
— तरुण मंडळ, गुहागर तालुका

कार्यक्रमाची निवड चुकली आणि वेळही. नऊच्या चर्चेत सहा चौकटींतली सहा माणसं आपापली बाजू ठरवूनच बसलेली असतात. बघणाऱ्याला फक्त एक बाजू उचलायची उरते. तुमच्याकडे भांडण झालं नसतं तरच नवल.

ज्याचा निर्णय तुमच्या गावात, तालुक्यात किंवा जिल्ह्यात होणार आहे, असं दहा-बारा मिनिटांचं काहीतरी दाखवा. स्थानिक केबलवरची टँकरची बातमी चालेल. वाहून गेलेल्या साकवाचं (ओढ्यावरच्या छोट्या पुलाचं) फोनवर केलेलं चित्रण चालेल. संसद टीव्हीवरचा प्रश्नोत्तराचा तासही चांगला (लोकसभेत सकाळी ११, राज्यसभेत दुपारी १२). त्यातला एकच तारांकित प्रश्न (ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात) आणि त्यावरचे पुरवणी प्रश्न घ्या. मंत्र्यांनी उत्तर दिलं की उत्तराला बगल दिली, हे ओळखायची सवय लागली की सरपंचांचं उत्तरही तसंच तोलून बघता येतं.

ही पद्धत महाराष्ट्राला नवी नाही. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत रेडिओ श्रोता मंडळं चालवली होती. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम गटाने ऐकायचा, त्यावर बोलायचं आणि काय करायचं ते ठरवायचं. पुढे १९७५-७६ मध्ये उपग्रहावरून सहा राज्यांतल्या २४०० गावांत टीव्ही पोचला, त्यात महाराष्ट्र नव्हता. म्हणजे आपल्याकडे संच नंतर आला आणि त्याभोवती बसून बोलायची रीत आधी आली. तिच्यातला मधला भागच तुम्ही गाळलात, तो म्हणजे मांडणी केलेली चर्चा.

दीड तासाचा बेत आखा. बारा मिनिटं बघणं झालं की टीव्हीचा प्लग काढा. नुसता आवाज बंद केला तर नजरा पडद्यावरच राहतात. मग आठ-दहा जणांचे गट करून पाऊण तास चर्चा. पन्नास जण एकत्र बसले की नेहमीचेच पाच बोलतात. शेवटी प्रत्येक गटातल्या एकाने चार मिनिटांत सांगायचं. गटप्रमुख पक्षाचा कार्यकर्ता किंवा सरपंचांच्या घरातला नसावा आणि त्याने स्वतःचं मत शेवटी मांडावं. टिपण ठेवणारा वेगळा हवा. बोलणं मालवणीत, संगमेश्वरीत, आगरीत, जे घरात बोलतात त्यात होऊ द्या. पुस्तकी मराठीत बोलायची सक्ती केली की बारावी झालेली दोन मुलंच बोलत राहतात.

प्रश्न एकच आणि तो कागदावर लिहिलेला असावा. ‘लोकशाहीत तरुणांची भूमिका काय?’ या प्रश्नाला वक्तृत्व स्पर्धेतलंच उत्तर येणार. त्याऐवजी विचारा, ‘टंचाई आराखड्यात आपल्या वाडीचं नाव आहे का? नसेल तर ते कोणी आणि कधी कळवायला हवं होतं?’ पाणीटंचाईवरच्या उपायांचा हा आराखडा ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून अशा तीन टप्प्यांत होतो. गावाची मागणी ग्रामपंचायतीतून पंचायत समितीकडे आणि तिथून जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. एप्रिलमध्ये विहिरीने तळ गाठल्यावर बोंब मारणारी वाडी सहसा जानेवारीतच उशीर करून बसलेली असते. हे मुलांना एकदा कळलं की पुढच्या बैठकीला यायला त्यांना कारण मिळतं.

आता आठच जण का आले ते. रात्री नऊ ही मुलींची वेळ नाही. दोन वाड्यांमधली पाखाडी (पायऱ्यांची वाट) अंधारात उतरायची असेल तर घरचे पाठवत नाहीत. संध्याकाळी चार ते साडेपाच ठेवा आणि पहिल्या दोन-तीन बैठकांत मुलींचा गट वेगळा बसवा. शिवाय महिना बघा. मार्च ते मे बागायतदारांच्या घरी कोणी मोकळं नसतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा कोळीवाड्यातली मुलं गावात सापडतात. पण त्याच दिवसांत वरच्या वाड्यांत भातलावणी चालू असते. एकच वेळापत्रक दोघांना लावू नका.

गावात घर आहे, शिमग्याला आणि गणपतीला आम्ही येतोच. पण नोकरी मुंबईत. मतदार यादीत नाव कुठे ठेवावं? गावात चर्चा निघाली की जुनी माणसं म्हणतात, दोन्हीकडे ठेवा.
— चाकरमानी, राजापूर तालुका

जुन्या माणसांचा सल्ला गुन्ह्यात नेणारा आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० नुसार कोणालाही दोन मतदारसंघांत किंवा एकाच मतदारसंघात दोनदा नाव ठेवता येत नाही. अर्जात खोटं लिहिलं तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कुठे ठेवायचं, त्याची कसोटी ‘सामान्यतः रहिवासी’ ही आहे. कलम २० स्पष्ट म्हणतं की एखाद्या ठिकाणी केवळ घर मालकीचं आहे म्हणून माणूस तिथला सामान्य रहिवासी ठरत नाही. वर्षातले अकरा महिने तुम्ही डोंबिवलीत राहत असाल तर तुमचं नाव डोंबिवलीतच हवं.

नाव हलवायचं असेल तर नमुना ८ हा अर्ज भरायचा. नमुना ६ फक्त नव्या मतदारासाठी आहे. इथेच बहुतेक जण घोटाळा करतात. स्थलांतरासाठीही नमुना ६ भरतात, जुनं नाव तसंच राहतं आणि आपण दुबार ठरलो हे त्यांना कळतही नाही. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यांना मात्र आई-वडिलांच्या गावी किंवा शिकायच्या ठिकाणी, दोन्हींपैकी एका जागी नाव नोंदवता येतं.

यादीत नाव मुंबईत असलं म्हणून गावच्या टीव्ही-चर्चेत बसायला आडकाठी नाही. ग्रामसभेत मत मात्र गावच्या मतदाराचंच. मुंबई मंडळाच्या (मुंबईतल्या गावकऱ्यांच्या संघटनेच्या) पैशातून पाखाडी बांधली जाते हे खरं, पण वर्गणी हा मताधिकार नव्हे. हे गावकीच्या बैठकीत कोणीतरी एकदा मोठ्याने बोलायला हवं.

पावसात डिश बंद पडते, वीज जाते. कार्यक्रम ऐन वेळी रद्द करावा लागतो. काय तयारी ठेवावी?
— ग्रंथालय कार्यकर्ती, देवगड तालुका

थेट प्रक्षेपणावर विसंबू नका. छोट्या डिशवर येणारे उपग्रहाचे सिग्नल जोरदार पावसात शोषले जातात, त्यावर इलाज नाही. खरी चूक पुढे होते. कोणीतरी भर पावसात छपरावर चढून डिश हलवतो आणि पाऊस थांबल्यावरही चित्र येत नाही. डिशला हात लावू नका, पाऊस ओसरला की चित्र आपसूक येतं.

दाखवायचा भाग आधीच पेनड्राइव्हवर घ्या आणि त्याच टीव्हीवर दोन दिवस आधी शेवटपर्यंत चालवून बघा. पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीचा असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही. जुने संच एच-२६५ या नव्या व्हिडिओ पद्धतीतलं चित्रण उघडत नाहीत, म्हणून एमपी-४ फाइल जुन्या एच-२६४ पद्धतीत करून घ्या. मराठी उपशीर्षकांची फाइल वेगळी जोडली तर पुष्कळ संचांवर जोडाक्षरं फुटतात किंवा नुसते चौकोन दिसतात. उपशीर्षकं चित्रातच पक्की करून आणा.

४३ इंची पडद्यावरची अक्षरं साधारण चार मीटरपर्यंत नीट वाचता येतात, म्हणजे पंचवीस माणसं झाली. त्याहून जास्त असतील तर दोन खेळ करा. प्रोजेक्टर आणायचा तर किमान ३००० ल्युमेनचा, आणि तोही अंधार पडल्यावरच. पत्र्याच्या छपराखाली श्रावणसरीत टीव्हीचा आवाज कोणालाच ऐकू जात नाही. दोन स्पीकर बाजूच्या भिंतींना, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवा.

विजेचा हिशोब असा. टीव्ही ९० वॅट, स्पीकर ६०, दिवा आणि पंखा ४०, मिळून १९० वॅट. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १८०० वॅट-तास असतात. पण अर्ध्याहून जास्त उतरवली तर ती लवकर मरते आणि इन्व्हर्टरमध्येही थोडी वीज खर्च होते. हाती साडेसातशे धरा. चार तास निघतात, तुम्हाला दीडच हवेत. समाजमंदिरातल्या बॅटरीचं पाणी कोणी पाहत नाही, ते काम एकाच्या नावावर लावून द्या.

केबलवाल्याने महिन्यातून अर्धा तास द्यायचं कबूल केलंय. तरुणांचा कार्यक्रम कसा करावा? निवडणुकीत अडचण येईल का?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, चिपळूण

चोवीस मिनिटांचा करा, उरलेला वेळ केबलवाल्याच्या जाहिरातींना लागतो. मुलांनी दोन तृतीयांश आणि अधिकाऱ्यांनी एक तृतीयांश बोलावं. प्रश्न लेखी आधी पाठवले तर ‘माहिती घेऊन सांगतो’ म्हणायला जागा राहत नाही. २२ जुलै २०२१ चा पूर ही चिपळूणची जखम आहे, पण त्यावर नुसत्या आठवणी नकोत. या उन्हाळ्यात वाशिष्ठीतला गाळ कुठून काढणार, किती काढणार आणि टाकणार कुठे, एवढंच विचारा. दुसऱ्या भागाची सुरुवात पहिल्या भागातल्या आश्वासनांचं काय झालं यानेच करा. हे टाळलंत तर तिसऱ्या भागाला प्रेक्षक नसेल.

चित्रण फोनवर होतं. फोन आडवा धरा. ट्यूबलाइटखाली चित्रात काळे पट्टे सरकतात. आपली वीज ५० हर्ट्झची आणि फोनचं चित्रण ३० फ्रेमचं, म्हणून ते होतं. २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवा. खाडीकाठी वारा आवाज खाऊन टाकतो. माइक छातीला लावा, त्यावर फरचं किंवा स्पंजचं टोपण घाला आणि पाठ वाऱ्याकडे करून उभे राहा.

निवडणुकीबद्दल. लोकसभा-विधानसभेला मतदान संपण्याच्या वेळेआधीचे ४८ तास टीव्हीवर निवडणुकीविषयी मजकूर दाखवायला लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२६ ने बंदी आहे. केबलही त्यात येते. समाजमंदिरातल्या पडद्यावरही तो दाखवू नका. या काळातला भाग आधीच पुढे ढकला. ‘मतदान करा’ एवढंच सांगायचं असलं तरी तहसील कार्यालयाला लेखी कळवून ठेवलेलं बरं. राजकीय जाहिरातीला जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणन समितीचं पूर्वप्रमाणन लागतं. उमेदवार बोलावणार असाल तर सगळ्यांना बोलवा, सगळ्यांना सारखी मिनिटं द्या आणि जो आला नाही त्याची खुर्ची रिकामी दाखवायचा मोह आवरा. ती गंमत वाटते, पण कार्यक्रमाचा पक्ष त्याच क्षणी ठरून जातो.

चर्चेत आम्ही चांगले मुद्दे काढतो, पण ग्रामसभेत ‘विषयपत्रिकेवर नाही’ म्हणून बाजूला टाकतात.
— तरुणी, श्रीवर्धन तालुका

त्यांचं म्हणणं नियमाला धरून आहे, म्हणून विषय पत्रिकेवर आणा. वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. बहुतेक गावांत त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात. सूचना सात दिवस आधी निघते. त्याआधी, म्हणजे तारखेच्या पंधरा दिवस अगोदर, ग्रामसेवकाकडे (आता ग्रामपंचायत अधिकारी) लेखी विषय द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का नि आवक क्रमांक घ्या. तोंडी सांगितलेलं कुठेच नोंदलं जात नाही.

गणपूर्ती (सभेला लागणारी किमान हजेरी) एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी कमी ती. गावात ६०० मतदार असतील तर ९०, १२०० असतील तर १००. अर्धी यादी मुंबईत असलेल्या गावात तेवढे जमत नाहीत आणि सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, पण नवा विषयही येत नाही. म्हणून मूळ पत्रिकेवर नाव लागणं जास्त मोलाचं. ठराव ‘करण्यात यावा’ एवढ्यावर सोडू नका. काय, कुठे, कोणत्या निधीतून आणि कोणाकडे पाठवायचं, हे सूचक-अनुमोदकांसह इतिवृत्तात लिहून घ्या. १५व्या वित्त आयोगाच्या निधीत ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेली होती. त्या बांधलेल्या रकमेतून खेळाचं मैदान मागितलं तर नकार मिळायचा आणि तो नकार बरोबर असायचा. ग्रामपंचायतीचा मंजूर आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर दिसतो. टीव्हीला फोन जोडून तोच पडद्यावर लावा, त्या दिवशी दुसरा कार्यक्रम शोधायची गरज नाही.

आणि महिला सभा मुख्य ग्रामसभेच्या आधी घ्यायची असते. ती नुसती सह्यांवर उरकू देऊ नका. तुमचा विषय पहिल्यांदा तिथेच मांडा.

वय १७. ग्रामसभेत मत देता येईल का?
— विद्यार्थिनी, मालवण

नाही, मतदार यादीत नाव लागतं. पण १७ पूर्ण झालं की नमुना ६ आगाऊ भरता येतो. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर यांपैकी ज्या तारखेला तुझी १८ वर्षं पूर्ण झालेली असतील, त्या तारखेचा विचार होतो. वाढदिवस २० ऑगस्टला असेल तर १ ऑक्टोबर. वयाचा पुरावा, राहण्याचा पुरावा, फोटो आणि घरातल्या कोणाचा तरी मतदार ओळखपत्र क्रमांक जवळ ठेव. काही अडलं तर १९५० या मतदार मदत क्रमांकावर फोन लाव. पंचायतीची निवडणूक लढवायला मात्र २१ पूर्ण व्हावी लागतात.