शर्यत गाडी जिंकते की चालक?

प्रश्न : फॉर्म्युला वनमध्ये बहुतेक वेळा ठरावीक संघांच्याच गाड्या जिंकतात. मग चालकाच्या कौशल्याला कितपत अर्थ उरतो? आणि ही तंत्रज्ञानाचीच स्पर्धा असेल, तर उत्तम तंत्रज्ञानावर बंदी घालणारे नियम कशासाठी? (एक वाचक, सांगली)

उत्तर : तुमच्या शंकेचा पहिला भाग रास्त आहे. २०२० च्या संपूर्ण हंगामात विल्यम्स संघाला एकही गुण मिळाला नाही. आघाडीच्या मर्सिडीज संघाचा चालक लुईस हॅमिल्टन याला कोविड झाल्यामुळे विल्यम्सचा चालक जॉर्ज रसेल बहारीनमधील साखिर शर्यतीपुरता त्याच्या जागी मर्सिडीजमध्ये बसला, आणि पात्रता फेरीत त्याचा पहिला क्रमांक अवघ्या ०.०२६ सेकंदाने हुकला. शर्यतीतही तो बराच वेळ आघाडीवर होता. संघाने चुकीचे टायर बसवल्यामुळे आणि पुढे एक टायर पंक्चर झाल्यामुळे तो नववा आला, ही गोष्ट वेगळी. त्याचे कौशल्य काही एका आठवड्यात वाढले नव्हते, बदलली होती ती गाडी.

नियमांबाबत मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. गाडीचा वेग वाढवणारे तंत्रज्ञान वेगळे आणि चालकाचे काम परस्पर उरकणारे तंत्रज्ञान वेगळे. वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर किंचित जास्त दाबला गेला, तर मागची चाके पकड सोडून नुसतीच गरगरतात आणि गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो. ओल्या रस्त्यावर तर पाय किती दाबायचा, हे आसनातून पाठीला जाणवणाऱ्या हालचालीवरूनच चालकाला ठरवावे लागते. ट्रॅक्शन कंट्रोल असलेल्या गाडीत चाकांच्या वेगातील तफावत संगणक टिपतो आणि इंजिनाची ताकद स्वतःच कमी करतो. १९९३ च्या विल्यम्स गाडीत ही यंत्रणा तर होतीच, शिवाय ॲक्टिव्ह सस्पेन्शन (रस्त्यानुसार गाडीची उंची आणि तोल संगणकाने सांभाळणारी यंत्रणा) आणि ब्रेक लावल्यावर चाके जखडू न देणारी व्यवस्थाही होती. १९९४ पासून या साधनांवर बंदी आली. ट्रॅक्शन कंट्रोलला २००१ मध्ये पुन्हा मुभा मिळाली, कारण सॉफ्टवेअरमध्ये दडवलेली यंत्रणा शोधून काढणे कठीण होते; २००८ मध्ये सर्व संघांना एकसारखे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण सक्तीचे झाले, तेव्हाच ती बंदी खऱ्या अर्थाने अमलात आणता आली.

चालकाच्या बाजूने इंग्लंडमधील डॉनिंग्टनची १९९३ ची शर्यत हमखास सांगितली जाते. पावसात आयर्टन सेनाने पाचव्या स्थानावरून पहिल्याच फेरीत आघाडी घेतली, हे विलक्षणच होते. परंतु त्याच्या मॅकलारेन संघाच्या गाडीतही ट्रॅक्शन कंट्रोल होते, हे सांगायचे राहून जाते. म्हणून मला ट्रॅक्शन कंट्रोलवरील बंदीनंतरची, २००८ ची इंग्लंडमधीलच सिल्व्हरस्टोनची ओली शर्यत अधिक मोलाची वाटते. तिथे हॅमिल्टनने दुसऱ्या आलेल्या निक हाइडफेल्डला ६८ सेकंदांहून अधिक अंतराने मागे टाकले, तर विजेतेपदाच्या शर्यतीत असलेल्या फेलिपे मासाची गाडी पाच वेळा गरकन फिरली. हॅमिल्टनचा मॅकलारेनमधील सहकारी हेइकी कोव्हालाइनेन त्या दिवशी सर्वांत पुढून सुटला होता, हॅमिल्टन चौथ्या जागेवरून. कोव्हालाइनेन पाचवा आला, आणि तोही एका पूर्ण फेरीने मागे. त्यामुळे एखाद्या चालकाची पारख करायची असेल, तर गुणतक्त्याआधी त्याच संघातील दुसऱ्या चालकाची वेळ पाहावी, शक्यतो पावसातली.