हायकोर्टात जमिनीची केस हरलो. सुप्रीम कोर्टात पुन्हा साक्षी होतात का? आणि तिथे जज कोण असतात?

साक्षी पुन्हा होत नाहीत, दादा. हे आधी सांगते, कारण आमच्या सोलापुरात कुणाचंही भांडण पेटलं की माणूस ‘सुप्रीम कोर्टापर्यंत जाईन’ म्हणतो, आणि त्याला वाटत असतं की तिथं सगळं पहिल्यापासून ऐकून घेतील. तुमच्यासारख्या केसमध्ये तिथं कुणी साक्षीदाराला पिंजऱ्यात उभं करत नाही. खालच्या कोर्टात उलटतपासणीत जे बोललं गेलं, जे सातबारे आणि फेरफार दाखल झाले, त्यावरच बोलणं होतं.

तेही इंग्रजीतून. घटनेच्या 348 व्या कलमाप्रमाणे सुप्रीम कोर्टाचं कामकाज इंग्रजीत चालतं, त्यामुळे मराठी जबाबांचं भाषांतर करून द्यावं लागतं. मी 17 वर्षं हेच काम करते. एकदा दुसऱ्या कुणीतरी केलेलं भाषांतर माझ्याकडे तपासायला आलं. साक्षीदार म्हणाला होता, ‘सामाईक बांध फोडला’. इंग्रजीत त्याचं ‘डॅम’ झालं होतं! दोन एकरांच्या रानात धरण फुटलेलं. दिल्लीतल्या वकिलानं तो बांध कधी पाहिलेला नसतो, त्याच्यापुढं फक्त कागद. नात्यांचंही तसंच. आत्या काय आणि मामी काय, इंग्रजीत दोघी ‘आंट’. वाटणीच्या दाव्यात वडिलार्जित जमिनीत आत्याचा हिस्सा निघू शकतो, मामीचा कुठून निघणार? म्हणून भाषांतर हातात आलं की घरातल्या इंग्रजी कळणाऱ्या कुणाला तरी शेजारी बसवा आणि मूळ जबाबाशी ओळ न ओळ ताडून बघा. गट नंबर आणि चतुःसीमा तर दोनदा.

तुमच्या केसला बहुधा विशेष परवानगी याचिका करावी लागेल, वकील तिला एसएलपी म्हणतात. घटनेचं कलम 136. परवानगी द्यायची की नाही हे कोर्ट ठरवतं, तो आपला हक्क नाही. साधारण दोन न्यायाधीशांपुढं ती येते. ते फाईल वाचून आलेले असतात आणि बहुतेक याचिका पहिल्याच दिवशी काही मिनिटांत फेटाळल्या जातात. कारण न देता फेटाळली तर ‘हायकोर्ट बरोबर होतं’ असा त्याचा अर्थ कायद्यात होत नाही, फक्त परवानगी नाकारली एवढंच. पण तुमच्यापुरता हायकोर्टाचा निकाल कायम होतो.

आता जजांबद्दल. 1950 साली सरन्यायाधीश धरून 8 जागा होत्या, 2019 मध्ये त्या 34 झाल्या. घटनेचा अर्थ लावायचा महत्त्वाचा प्रश्न असेल तर किमान 5 जण बसतात, त्याला घटनापीठ म्हणतात. संसद घटना कितपत बदलू शकते, या 1973 च्या केशवानंद भारती खटल्यात 13 जण बसले होते आणि निकाल 7 विरुद्ध 6 असा लागला. निवृत्ती 65 व्या वर्षी. बहुतेक जण हायकोर्टातून येतात, क्वचित थेट वकिलीतून. आपले उदय लळीत तसे गेले. जन्म सोलापूरचा, 2014 मध्ये थेट वकिलीतून न्यायाधीश झाले आणि 2022 मध्ये 74 दिवस सरन्यायाधीश होते. त्यांच्याच काळात, 27 सप्टेंबर 2022 पासून, घटनापीठाचं कामकाज सगळ्यांना थेट बघता येऊ लागलं. त्या दिवशी मी टायपिंग बाजूला ठेवून ते बघत बसले होते.

नावं सुचवतं ते कॉलेजियम, म्हणजे सरन्यायाधीश आणि 4 सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीश. नेमणूक राष्ट्रपती करतात. सरकारनं आणलेला नेमणूक आयोग कोर्टानं 2015 मध्ये रद्द ठरवला. सरकारच्या हातात निवड नको, हे मला पटतं. पण एखादं नाव का घेतलं, का गाळलं, हे लोकांना कळायलाच हवं.

हायकोर्टाचं बेंच तरी ऑगस्ट 2025 पासून आपल्यासाठी कोल्हापूरला आलं. सुप्रीम कोर्ट दिल्लीतच बसतं. वकील लावून याचिका करायची तर ती तिथल्या ‘अ‍ॅडव्होकेट ऑन रेकॉर्ड’मार्फतच, म्हणजे त्या कोर्टात तशी नोंद असलेल्या वकिलामार्फतच, दाखल होते, गावाकडच्या वकिलाला ती करता येत नाही. फीची अडचण असेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा; जमीन आईच्या किंवा बहिणीच्या नावावर असेल तर महिलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. आणि मुदत हायकोर्टाच्या निकालापासून 90 दिवसांची आहे. तुमचे त्यातले किती गेले, ते आजच मोजा.