दुकानदाराच्या ‘पुढच्या आठवड्यात बघतो’ने मुदत थांबत नाही

घरचा कॉम्प्युटर हळू चालतो म्हणून तुम्ही दुरुस्तीला दिला. दुरुस्तीवाल्याने ‘एसएमपीएस गेलाय’ (म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, पॉवर सप्लाय) म्हणत नवा बसवला आणि मेसेजवर सहा महिन्यांची गॅरंटी दिली. मशीन रखडायचं ते रखडतच राहिलं. तीन आठवड्यांनी नवा सप्लाय जळाला, सोबत मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडणारी मुख्य पाटी, हीही गेली. त्या कामाला आता 22 महिने झालेत. मधल्या काळात ‘पुढच्या आठवड्यात बघतो’ हे उत्तर, आणि गेल्या महिन्यात साफ नकार. आता आधी वकिलाची नोटीस पाठवून उत्तराची वाट पाहावी का, असं तुम्ही विचारता. वस्तू बदलते, पण ही तक्रार घेऊन अनेक जण येतात, आणि बहुतेक जण उशिराच येतात.

वाट पाहू नका. तुम्ही ग्राहक आहात का, सेवेत त्रुटी म्हणजे काय, यात मी शब्द घालवत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मधल्या कलम 69 प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हावी लागते. तुम्ही ही दोन वर्षं गेल्या महिन्यातल्या नकारापासून मोजताय, आणि घात इथेच होतो. कारण घडलं ते चुकीचं काम झालं तेव्हा आणि सप्लाय जळाला तेव्हा. नुसत्या पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही. गॅरंटी नाकारली त्या दिवसापासून मोजा, असा युक्तिवाद करता येईल, पण त्याच्या भरवशावर बसू नका. दुरुस्तीच्या दिवसापासून मोजा, म्हणजे तुमच्या हातात जेमतेम दोन महिने उरतात. उशीर माफ करण्याची तरतूद त्याच कलमात आहे, पण त्याला पुरेसं कारण लागतं. दुकानदाराच्या शब्दावर विसंबून राहिलो, हे कारण ग्राहक आयोगाला पुरेसं वाटेलच असं नाही.

नोटीस हवी तर पाठवा. तक्रारीआधी ती पाठवलीच पाहिजे अशी अट या कायद्यात नाही, आणि नोटीस पाठवल्याने मुदतही थांबत नाही.

बिल घेतलं नाहीत, याचा मला राग येतो. एवढं काम करून घेताना कागद मागायला काय हरकत होती? पण त्याने तक्रार बुडत नाही. बिल न देणं ही कलम 2(47) खाली अनुचित व्यापारी प्रथाच आहे. पैसे ऑनलाइन दिल्याची नोंद आणि ते मेसेज जपा. फोन बदलू नका, चॅट पुसू नका. मेसेजच्या छापील प्रतीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम 63 खालचं, इलेक्ट्रॉनिक नोंदीसाठीचं प्रमाणपत्र जोडलेलं बरं.

आता खरा पुरावा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत जळक्या सप्लायच्या स्टिकरवर ठळक 450 आहे, वाचणाऱ्याला ते वॅट वाटावेत असं. खाली 12 व्होल्टच्या रकान्यात 14 अँपिअर लिहिलंय. 12 गुणिले 14, म्हणजे 168 वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः याच ओळीवर चालतात. 12 व्होल्टची दुसरी ओळ स्टिकरवर नसेल, तर 450 हा ठळक आकडा कुठून आला, हे समोरच्याला विचारता येईल. जळण्याचं कारण तेच होतं का, हे मात्र तपासणीशिवाय मी सांगणार नाही. आयोग कलम 38 खाली वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. दुसऱ्या तंत्रज्ञाला तो डबा उघडू द्यायला नको होता. सील तुटलं, आता समोरचा त्यावरच बोट ठेवेल. यापुढे त्याला कुणाचाही हात लागू देऊ नका. मूळ सप्लायही तुम्ही दुकानातच सोडून आलात, त्यामुळे तो चांगला होता हे सिद्ध करणं कठीण.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूने आहे. सप्लाय कमी पडला तर मशीन अचानक बंद पडतं किंवा आपोआप रीस्टार्ट होतं, सहसा नुसतं संथ होत नाही. नंतरच्या तंत्रज्ञाने नवा सप्लाय आणि मदरबोर्ड बसवला तरी मशीन रखडतच होतं. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी (माहिती साठवणारा वेगवान भाग) घातल्यावर ते पळायला लागलं, असं तुम्ही लिहिता. हे त्याच्याकडून याच क्रमाने, तारखेसह लिहून घ्या आणि त्याची सही घ्या. पहिलं निदान चुकलं होतं, हे दाखवायला याहून सरळ कागद तुमच्याकडे नाही.

तक्रार तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात, ऑनलाइनही करता येते, आणि दिलेली रक्कम 5 लाखांच्या आत असेल तर शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. विरुद्ध पक्षाला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात तारखा पडत राहतात. ज्या माणसाचं नुकसान एका मदरबोर्डाएवढं आहे त्याला असं ताटकळत ठेवणं मला मुळीच मान्य नाही, पण तयारी ठेवा.

मागण्या मोजक्या ठेवा: सप्लायचे पैसे, मदरबोर्डचा खर्च, तक्रारीचा खर्च आणि त्रासाबद्दल माफक भरपाई. फुगवलेल्या आकड्याला पुरावा मागितला जातो, आणि तो तुमच्याकडे नाही. दुरुस्तीची नेमकी तारीख पैसे दिल्याच्या नोंदीत सापडेल, ती आजच काढा. तिच्यापासून दोन वर्षं पूर्ण होण्याच्या निदान पंधरा दिवस आधी तक्रार दाखल झालेली असू द्या.