वाचकांचे प्रश्न : दहा अंकी संख्येचे अवयव

प्रश्न : २,०२,७६,५१,२८१ ही संख्या मूळ आहे की संयुक्त? २, ३, ५, ७, ११, १३ यांपैकी कशानेही भाग जात नाही. एकेका मूळ संख्येने भागत बसण्याखेरीज कागद-पेन्सिलीने करता येईल असा दुसरा मार्ग आहे का?

उत्तर : आहे. याच संख्येवर तो फर्मा या फ्रेंच गणितीने १६४३ च्या सुमारास वापरला होता. भागत बसलात तर पहिला अवयव लागेपर्यंत साडेचार हजारांहून जास्त मूळ संख्या संपवाव्या लागतील. फर्माची रीत शाळेतल्याच सूत्रावर चालते : अ² − ब² = (अ + ब)(अ − ब). म्हणजे ज्याच्या वर्गातून दिलेली संख्या वजा केली की पूर्ण वर्ग (ब²) उरतो, असा अ शोधायचा; मग अ + ब आणि अ − ब हे अवयव. संख्या सम असेल, तर आधी २ ने भागून विषम करून घ्या.

दिलेल्या संख्येचं वर्गमूळ ४५,०२९.४४ च्या आसपास येतं. त्याच्या लगेच वरचा पूर्णांक घ्यायचा, ४५,०३०. घाईत ४५,०२९ घेतला की वजाबाकी ऋण येते आणि सगळं अडतं. ४५,०३० च्या वर्गातून दिलेली संख्या वजा केली की ४९,६१९ उरतात. हा पूर्ण वर्ग नाही, म्हणून पुढे चला. मात्र ४५,०३१ चा वर्ग नव्याने करू नका. लागोपाठच्या दोन वर्गांतला फरक म्हणजे त्या दोन संख्यांची बेरीज, इथे ९०,०६१. तेवढे बाकीत मिळवा, पुढच्या पायरीला ९०,०६३, मग ९०,०६५. बाक्या अशा येतात :

४९६१९, १३९६८०, २२९७४३, ३१९८०८, ४०९८७५, ४९९९४४, ५९००१५, ६८००८८, ७७०१६३, ८६०२४०, ९५०३१९, १०४०४००.

यातल्या बहुतेक नुसत्या शेपटावरून बाद होतात. वर्गाच्या एककस्थानी २, ३, ७, ८ कधीच नसतात. शेवटी ५ असेल तर २५ च हवेत, ० असेल तर ००. १ किंवा ९ असेल तर दशकाचा अंक सम हवा. या चाळणीतून शेवटच्या बाकीआधी एकटी ४९९९४४ सुटते. तिच्या अंकांची बेरीज ३९, पुन्हा बेरीज १२, मग ३. वर्गाची अशी बेरीज १, ४, ७ किंवा ९ च येते, म्हणजे तीही गेली. एकही वर्गमूळ न काढता अकरा बाक्या संपल्या, ही या रीतीची खरी गंमत.

बारावी १०,४०,४०० म्हणजे १०२० चा वर्ग. तेव्हा अ = ४५,०४१, ब = १,०२० आणि अवयव ४६,०६१ व ४४,०२१. दोन्ही मूळ आहेत, त्यामुळे या संख्येला विभाजक चारच. त्यांची बेरीज २,०२,७७,४१,३६४.

प्रश्न : मग हीच रीत कुठल्याही संख्येला लावावी का?

उत्तर : नाही. अवयव एकमेकांच्या जवळ असतील तरच ती झटपट फळते. ४,२९,४९,६७,२९७ घ्या. ही २ च्या ३२ व्या घातापेक्षा १ ने मोठी. फर्माला ती मूळ वाटली होती. ऑयलर या स्विस गणितीने १७३२ मध्ये ६४१ × ६७,००,४१७ असे अवयव दाखवले. अवयवांत एवढं अंतर असल्याने वरच्या रीतीला ३२,८४,९९३ पायऱ्या लागतील. साध्या भागाकाराने मात्र ११६ व्या मूळ संख्येलाच, ६४१ ला, भाग जातो. म्हणून आधी लहान मूळ संख्या संपवा, मग वर्गांकडे वळा.

भागाकार स्प्रेडशीटमध्ये करत असाल तर दोन दशांश स्थळांवर भरवसा ठेवू नका. हीच संख्या ६५,५३६ ने भागली की ६५५३६.०० दिसतं आणि भाग गेल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात १ बाकी उरते. गुणून एककस्थान पाहा : ६ × ६ च्या शेवटी ६ येतो, संख्येच्या शेवटी ७ आहे.